तपकिरी बर्फ

[दृश्य: बर्फ फोडत पुढे सरकणारं जहाज. उलटलेल्या लादीची खालची बाजू.]

ही लादी नीट बघा. वरून पांढरीशुभ्र, आणि उलटली की खालून चहा सांडल्यासारखी तपकिरी. 1839 ते 1843 या काळात ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं अंटार्क्टिकाभोवती फिरत होती, तेव्हा जोसेफ हूकर या तरुण निसर्गअभ्यासकाच्या हा रंग नजरेत भरला. जहाजावर त्याची नेमणूक डॉक्टरांचा सहायक म्हणून होती, जीव मात्र वनस्पतींत अडकलेला. त्याने तो डाग मळ म्हणून सोडून दिला नाही. नमुने बर्लिनला पोचले, एरेनबर्ग या सूक्ष्मदर्शकवेड्या शास्त्रज्ञाकडे. भिंगाखाली दिसले डायटम. एकपेशीय शैवाल, प्रत्येकाभोवती सिलिकाची, म्हणजे जवळजवळ काचेचीच डबी. वरचं झाकण, खालचं झाकण, आणि दोन्हींवर जाळीदार नक्षी.

[दृश्य: प्रयोगशाळा. चंचुपात्रात फसफसणारा चिखल.]

आता दीडशेहून अधिक वर्षं पुढे येऊ. पात्रात आहे समुद्रतळावरचा चिमूटभर गाळ. पूर्वी समुद्र कुठे गोठत होता, ते यातल्या डायटमांवरून वाचायचंय. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, की सेंद्रिय भाग फसफसून जातो. हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडीचा कण न् कण विरघळवतं. काच तेवढी उरते. एक थेंब पातळ काचपट्टीवर सुकवायचा, हजारपट मोठं करून बघायचं आणि मोजायला बसायचं. शे-दोनशे, तीनशे कवचं. मानेला रग लागते, पण मोजल्याशिवाय काही कळत नाही.

कारण जात महत्त्वाची. ही चपटी, लांबट, एक टोक किंचित रुंद असलेली फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा. समुद्रावर तरंगत्या बर्फाच्या आसऱ्याने वाढणारी. आणि ही तिचीच बहीण, जाडजूड फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गुएलेन्सिस, मोकळ्या समुद्रातली. दक्षिण महासागराच्या गाळात कर्टा आणि तिच्यासोबतची सिलिंड्रस मिळून 3 टक्क्यांच्या वर गेल्या, की तिथे हिवाळ्यात समुद्र गोठत असे, असं धरतात. शंभरात तीन कवचं! एवढ्यावर एका अख्ख्या हिवाळ्याचा निकाल.

इथे जरा सावध राहायला हवं. तळाशी पोचणारा डायटम हा वरच्या समुद्राचा प्रामाणिक नमुना नसतो. बहुतेक कवचं वाटेतच विरघळतात. त्यातही नाजूक आधी, दणकट नंतर. काही क्रिल या कोळंबीसारख्या लहान जीवांच्या पोटात जातात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून भरभर खाली येतात. म्हणजे आपल्या हाती पडते ती गाळलेली यादी.

मग चुन्याच्या कवचाचे फोरामिनिफेरा, म्हणजे समुद्रातले दुसरे एकपेशीय जीव, का नाही वापरायचे? वापरतात, आणि फार छान वापरतात. त्यांच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, पाण्याचं तापमान आणि जगभरातल्या बर्फाचं प्रमाण यांचा मिळून अंदाज येतो. पण अंटार्क्टिकाजवळच्या थंड, खोल पाण्यात चुना टिकत नाही. तिथली वही काचेने लिहिलेली आहे.

[दृश्य: उत्तर ध्रुवाजवळ तीन जहाजं.]

उत्तरेकडे एक चक्कर. 2004 साली लोमोनोसोव्ह या समुद्रातल्या डोंगररांगेवर, ध्रुवापासून सुमारे 250 किलोमीटरवर, एका जहाजाने ड्रिल लावलं. दुसरी दोन जहाजं सभोवतीचा बर्फ फोडत राहिली, नाहीतर ड्रिलचं जहाज जागेवरून ढकललं गेलं असतं. 400 मीटरांहून खोल गाळ हाती आला. त्यात सुमारे 5 कोटी 50 लाख वर्षांपूर्वीच्या थरात सापडलं अपेक्टोडिनियम, उबदार पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचं कोष्ठ. उत्तर ध्रुवाजवळ! त्याच थरातले जैविक स्निग्ध रेणू पाण्याचं तापमान 23 अंशांच्या आसपास सांगतात. आणि सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांच्या थरात बर्फाशी नातं सांगणारे डायटम दिसू लागतात, सोबत बर्फानेच वाहून आणावेत असे वाळूचे कण.

[दृश्य: ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत. वारा.]

पण मला या विषयातलं सगळ्यात जास्त आवडतं ते भांडण. 1984 साली पीटर वेब, डेव्हिड हारवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतांत, उंचावर, हिमनदीने टाकलेल्या ‘सिरियस’ नावाच्या गाळात समुद्री डायटम आहेत, आणि तेही प्लायोसीनमधले, म्हणजे जेमतेम काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे. त्यांचा अर्थ असा: तेव्हा पूर्व अंटार्क्टिकाचं बर्फ वितळलं, आत समुद्र शिरला, त्याच्या तळाशी डायटम साचले, आणि पुढे वाढलेल्या बर्फाने तो गाळ खरवडून डोंगरावर नेऊन टाकला. दुसरा गट उसळला. तिथल्या कोरड्या दऱ्यांत त्याहूनही जुनी ज्वालामुखीची राख जवळजवळ जशीच्या तशी पडून आहे, मग हवा इतकी उबदार झालीच कशी?

1996 साली उत्तर आलं ते वाऱ्याकडून. ज्यांचा समुद्राशी काहीच संबंध नाही अशा कितीतरी जुन्या अग्निज खडकांच्या भेगांतही डायटम सापडले. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातही. ही काच इतकी हलकी की वारा ती उचलून डोंगरमाथ्यावर, भेगेत, कुठेही ठेवतो. मूठभर कवचांवरून अख्खं खंड वितळवणं अवघड झालं. माझ्या मते वाद तिथेच संपला नाही, पण त्याने प्रश्न बदलला. डायटम कुठला, हे विचारून भागेना. तो इथे आला कसा, हेही विचारावं लागलं.

[दृश्य: रॉस हिमफळी. ड्रिलचा मनोरा. मग लांबट पेटीतला उभा चिरलेला गाळ.]

म्हणून 2006 च्या अखेरीस रॉस हिमफळीवर जे झालं ते मोलाचं. आधी तरंगत्या बर्फाला आरपार भोक. खाली शेकडो मीटर काळोखं पाणी. त्याखाली तळ. तळात 1,285 मीटर खोल ड्रिल, आणि जवळजवळ सगळा गाळ सलग वर आला.

चिरलेल्या नळकांड्यावरून बोट फिरवा. इथे खरखरीत: चिखल, वाळू, गोटे एकात कालवलेले. जमिनीवर टेकलेला बर्फ घासत गेला की असंच होतं. आणि इथे एकदम मऊ, फिकट, हातात घेतलं तर हलकं. हा जवळजवळ निव्वळ डायटमांचा थर. डायटमला ऊन लागतं, म्हणजे इथे डोक्यावर हिमफळीसारखं जाड बर्फाचं छप्पर नव्हतं, मोकळा समुद्र होता. प्लायोसीनमधला असा एक थर तर 80 ते 90 मीटर जाड आहे. वारा एखाददुसरं कवच उडवून आणेल. एवढं नाही आणणार.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. खरखरीत, मऊ, पुन्हा खरखरीत. प्लायोसीनमध्ये ही ये-जा साधारण 40 हजार वर्षांच्या तालावर चालते, पृथ्वीचा अक्ष कमी-जास्त कलतो त्याच तालावर. त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या जवळपास होता, असे अंदाज आहेत.

[दृश्य: बोट मऊ थराच्या वरच्या कडेवर थांबतं.]

ही कड बघा. इथपर्यंत काच. याच्या वर बोटभर अंतरावर पहिला गोटा.