बांगड्यांचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

'हे सुरांनो, चंद्र व्हा' हे पद तुमच्या ओळखीचं असणारच. कुसुमाग्रजांचे शब्द, १९६६ सालचं 'ययाति आणि देवयानी' हे नाटक, आणि चाल आपल्या मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींची. हे पद सुरू झालं की माणसं डोळे मिटतात. कुणाला चांदणं दिसतं, कुणाला जुनं माणूस आठवतं. मला मात्र वास येतो. डिझेलचा आणि बांगड्यांचा.

५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा पणजीच्या एका कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो आणि घर पर्वरीला. पूल होऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती, पण आमच्या वयाच्या पोरांना रोज बोटीनं नदी ओलांडायची सवयच नव्हती. बेतीच्या धक्क्यावर ही झुंबड! कारकून, सायकलवर पाव घेतलेले पोदेर, स्कूटरवाले, मासळीवाल्या. वरून आषाढाचा पाऊस. फेरीबोटीत माझ्या शेजारच्या गृहस्थानं छातीशी ट्रान्झिस्टर धरलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. त्यातून अभिषेकीबुवा गात होते आणि खालून इंजिन ढक-ढक-ढक ठेका धरत होतं. इतक्यात मागच्या मासळीवालीची पाटी कलली आणि बांगड्यांचं सगळं पाणी माझ्या कोऱ्या चपलांत. कॉलेजात दिवसभर माझ्या बाकावर कुणी बसलं नाही.

गंमत पुढेच आहे. काही वर्षांनी हेच पद कॅसेटवर नीट, शांतपणे ऐकलं तर ते अपुरं वाटलं. काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, इंजिन नाही!

माझी आत्या कुर्डीची सून. सांगे तालुक्यातला हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. पाणी उतरलं की मे महिन्यात जमीन उघडी पडते आणि लोक सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४, याच गावच्या. रेडिओवर मोगूबाई लागल्या की आत्या हातातलं काम टाकून बसायची. आम्हाला वाटायचं, गावाच्या आठवणीनं जीव व्याकूळ होत असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, "फणसाची साठं आठवतात रे."

घर सोडताना त्यांनी फणसाच्या लाकडाचं थोरलं दार काढून ट्रकवर घातलं होतं. नव्या घराची चौकट लहान, दार काही बसेना. मग ते अंगणात दोन चिऱ्यांवर आडवं ठेवलं आणि दर उन्हाळ्यात आत्या त्यावर साठं वाळत घालू लागली. कावळे हाकायला तिथंच बसायचं, सोबतीला रेडिओ. त्यात कधीतरी मोगूबाई लागल्या असणार. "दार आयलें, घर थंयच उरलें," एवढं म्हणून ती पुन्हा साठांकडे वळली.

मला वाटतं, जे गाणं उठताबसता कानावर पडतं, ते अशी एखादीच आठवण धरून ठेवत नाही. गणपतीची आरती दर चवथीला म्हणतो, म्हणून कुठलीच एक चवथ डोळ्यांपुढे येत नाही. अपवाद त्या एका वर्षाचा. ऐन आरतीत माटोळीतला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळाफुलांतला, चिबूड सुटला आणि काकांच्या खांद्यावर फुटला. काकांनी टाळ थांबवला नाही, हे सांगायलाच हवं. पण दहा-पंधरा ते तिशीच्या आतबाहेरच्या काळातल्या आठवणी माणसाला उतारवयात जास्त येतात, असं मानसशास्त्रवाले म्हणतात. काका तेव्हा पन्नाशीचे होते, मी बारा वर्षांचा. ते विसरले. मी नाही.

मध्यंतरी कला अकादमीत एका मैफलीला गेलो होतो. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर भरलेलं, बाहेर हाकेवर मांडवी. गायकानं शेवटी 'चंद्र व्हा' घेतलं. पहिल्या सुरालाच सभागृहानं डोळे मिटले. शेजारच्या बाईंनी पदराला डोळे पुसले.

मी पटकन पाय वर घेतले.