पिवळा पडलेला पाइप आणि इलेक्ट्रॉन घेणारं प्लास्टिक

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या रावेरकडे केळीच्या बांधावर पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा पडलेला असतोच. असाच एक पांढरा तुकडा मी मागच्या उन्हाळ्यात उचलून वर्गात नेला. वरची बाजू पिवळट तपकिरी, मातीकडची मात्र जवळजवळ पांढरी. मुलं म्हणाली, "मॅडम, उन्हानं जळाला तो." खरंच आहे. पण तो जळताना आत काय घडतं, तिथूनच उन्हावर वीज देणाऱ्या प्लास्टिकची वाट सुरू होते. आज त्याविषयी बोलायचं आहे.

पीव्हीसी म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब माळ. सगळे मणी एकेरी बंधांनी ओवलेले आणि एकाआड एक कार्बनला क्लोरीन चिकटलेला. ऊन तापलं की हा क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनला घेऊन निघून जातो आणि मागे दुहेरी बंध राहतो. मग त्याच्या पुढे दुसरा, तिसरा. एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी. असे सहा-सात दुहेरी बंध ओळीनं आले की माळ जांभळा-निळा प्रकाश गिळू लागते आणि आपल्याला पिवळी दिसते. पिकलेल्या केळाचा पिवळा रंगही याच घराण्यातला. त्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांची रचना अशीच असते. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये तर असे ११ दुहेरी बंध एका रांगेत आहेत.

या रचनेला संयुग्मित म्हणतात. तिच्यात काही इलेक्ट्रॉन दोनच अणूंमध्ये अडकून न राहता माळेवर पसरलेले असतात. जळगावात प्लास्टिक म्हटलं की पाइप, ठिबकच्या नळ्या, चटया. आणि तारेवरचं वेष्टणही प्लास्टिकचंच, कारण ते वीज अडवतं. पण १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिअॅसिटिलिन नावाच्या संयुग्मित माळेला आयोडिनची वाफ दिली आणि तिच्यातून वीज धातूसारखी वाहू लागली. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बांधावरचा पिवळा पाइप काही वीज देणार नाही, ती त्याची झीजच आहे. पण तीच रचना प्रयोगशाळेत हवी तशी, नेमकी बांधता येते.

आता सौर घटाकडे येऊ. अशा प्लास्टिकवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन जागचा उठतो खरा, पण मागे सोडलेल्या रिकाम्या जागेशी तो बांधलेला राहतो. सिलिकॉनमध्ये ही गाठ सहज सुटते, प्लास्टिकमध्ये ती घट्ट असते. ती सोडवायला शेजारी असा पदार्थ लागतो, जो इलेक्ट्रॉन ओढून घेईल. म्हणजे एक माळ देणारी, दाता. दुसरी घेणारी, ग्राही. आणि इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागेची ही बांधलेली जोडी सुमारे १० नॅनोमीटरच, म्हणजे मिलीमीटरचा एक लाखावा भागच, फिरते, मग विझून जाते. तेवढ्या अंतरात दुसरी माळ भेटलीच पाहिजे.

म्हणून दोन्ही माळा विरघळवून एकत्र मिसळतात आणि त्यांचा पातळ थर देतात. आपल्या घरच्या भरिताचं उदाहरण घ्या. भाजलेलं वांगं आणि मिरच्या ठेचताना हात कमी पडला तर गोळे राहतात, जास्त झाला तर सगळा लगदा होतो. इथंही तसंच. गोळे मोठे राहिले तर ती जोडी वाटेतच विझते. अगदी एकजीव झालं तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला तारेपर्यंत जायला सलग वाट उरत नाही. त्यात दोन लांब माळा मुळातच एकमेकींत मिसळायला नाखूश असतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर जागा हीच आहे.

देणाऱ्या माळा लवकर सापडल्या. घेणाऱ्यांनी फार वाट पाहायला लावली, कारण घेतलेला इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा हिसकावून नेतात. १९९५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज आणि अमेरिकेतल्या सांता बार्बरा इथल्या गटांनी दोन्ही माळांचे घट करून दाखवले, पण नंतर बरीच वर्षं ग्राही म्हणून फुलरीन हा चेंडूसारखा कार्बनचा रेणूच वापरात राहिला. तो प्रकाश कमी शोषतो आणि त्याची घडण फारशी बदलता येत नाही. २००९ मध्ये नॅफ्थॅलीन डायइमाइडच्या मण्यांची एक माळ आली. त्या मण्यावरचे ऑक्सिजनचे चार गट इलेक्ट्रॉनला इतकं खोल ओढून धरतात की हवेतही तो टिकतो. २०१७ पासून चांगले ग्राही रेणूच एकमेकांना जोडून माळा करायची युक्ती निघाली, आणि दोन्ही माळांचे प्रयोगशाळेतले छोटे घट आज १७ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

टक्क्यांपेक्षा मला उष्णतेचं जास्त वाटतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पॅनेलचं अंग त्याहून कितीतरी तापलेलं असतं. अशा उष्णतेत सुटे छोटे रेणू सरकतात, त्यांचे स्फटिक होतात आणि जमवलेलं मिश्रण बिघडतं. लांब माळा एकमेकींत गुंतलेल्या असल्यानं सहजी हलत नाहीत. वाकवलं, ताणलं तरी थर लवकर तडकत नाही.

हाच थर प्रकाश ओळखायलाही कामी येतो. दवाखान्यात बोटाला लावतात त्या चिमट्यात लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि पलीकडचा संवेदक ते मोजतो. अंधारात संवेदकातून वीज जवळजवळ वाहू नये आणि उजेड पडताच वाहावी, ही कसोटी. मऊ प्लास्टिकचा संवेदक तान्ह्या बाळाच्या बोटाभोवतीही गुंडाळता येईल. काही नव्या ग्राही माळा हा अवरक्त प्रकाशही शोषतात. केळीची टिश्यू कल्चरची रोपं वाढवणाऱ्या शेडवर असा पडदा असेल, तर रोपांना लागणारा लाल-निळा प्रकाश बराचसा खाली जाऊ देऊन वरच्या अवरक्तावर पंख्यापुरती वीज काढता येईल. मला ही कल्पना फार आवडते.

पण यंदा पंपाला पॅनेल बसवायचं असेल तर सिलिकॉनचंच बसवा. ते २५ वर्षं चालतं. प्लास्टिकचे घट अजून तिथवर पोचलेले नाहीत, आणि प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या तुकड्यावरचा आकडा मोठ्या पत्र्यावर तसाच उतरत नाही. बारावीनंतर रसायनशास्त्र घ्यावं का, असं विचारायला मुलं येतात. त्यांना मी हेच अडलेलं काम दाखवते: आपल्या उन्हात वीस-पंचवीस उन्हाळे टिकेल अशी घेणारी माळ अजून कोणी बांधलेली नाही.

नमस्कार.