किती टक्के ब्लॉक आहे हो?

स्क्रीनवर दिसतंय ते सीटी स्कॅनवरून बनवलेलं हृदयाच्या धमन्यांचं मॉडेल, आणि मधे चिमटा काढल्यासारखी ती जागा दिसतेय ना, तोच ब्लॉक. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला, किती टक्के? पण तेवढ्यावर काही ठरत नाही, कारण ६० टक्क्यांचा एखादा ब्लॉक वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि तेवढाच दुसरा जिना चढताना दम काढतो, म्हणजे बघायचं ते हे की पलीकडे रक्त पुरेशा दाबाने पोचतंय का.

हा दाब मोजायची पद्धत निको पाइल्स आणि बर्नार्ड डी ब्रायन या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात बसवली. मनगटातून किंवा जांघेतून जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची तार ब्लॉकच्या पलीकडे न्यायची, ॲडिनोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यायचं (छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, पण थोडाच वेळ) आणि पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागायचं. अलीकडे १००, पलीकडे ७५, तर ०.७५. आकडा ०.८० किंवा त्याखाली असला की स्टेंटचा विषय निघतो.

स्टॅनफर्डचे चार्ल्स टेलर, मूळचे इंजिनिअर, आणि सर्जन ख्रिस्तोफर झारिन्स, हे दोघं याच हिशोबाच्या मागे लागले, तार न घालता. २००७ मध्ये कंपनी काढली, २०१४ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मंजुरी.

करतात काय, तर धमनीच्या मॉडेलचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात नेव्हिए-स्टोक्सची समीकरणं सोडवायची, विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेला लावतात तीच. पण सीटीत नळीचा आकार दिसतो, वाहणारं रक्त नाही, मग मॉडेलमध्ये रक्त सोडायचं किती? तर हृदयाच्या स्नायूचं वजन काढतात, त्यावरून त्याची रक्ताची भूक, बारीक वाहिन्या तर स्कॅनमध्ये येतच नाहीत म्हणून त्यांचा अडथळा अंदाजाने धरायचा, आणि ॲडिनोसिनसुद्धा कॉम्प्युटरमध्येच द्यायचं. मला विचाराल तर खरं डोकं इथे लागलंय.

आणि खरी भीतीही स्कॅनचीच. साध्या सरळ नळीतसुद्धा त्रिज्या १० टक्के कमी धरली तर अडथळा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो! कॅल्शियम साचलेलं असलं की ते स्कॅनमध्ये पांढरं फुलून दिसतं आणि नळी आहे त्याहून अरुंद वाटते, ठोके भराभर पडत असले तर चित्रच हलतं, म्हणून आधी ठोके कमी करायचं औषध, आणि नळ्या नीट उघडाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन.

आता या आपल्या मॉडेलकडे परत. रंग भरलेत, ब्लॉकच्या पलीकडे कर्सर नेला, आकडा आला ०.८४. म्हणजे तूर्तास गोळ्या.