आधी काम, मग शिकवणी

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत आणि पुढे प्रौढांच्या कर्मशाळेत मिळून मी सव्वीस वर्षे शिकवले. त्यांपैकी पहिली सोळा-सतरा वर्षे मी जे शिकवीत होते, त्याचा माझ्या विद्यार्थ्यांना नोकरी मिळण्याशी फारसा संबंध नव्हता, हे आज पालकांसमोर आणि नागपुरातल्या व्यापारी मंडळींसमोर सांगताना संकोच वाटतो. पण विषय तिथूनच सुरू होतो, म्हणून ते टाळता येत नाही. आम्ही कागदी पिशव्या करीत होतो, दिवाळीआधी पणत्या रंगवीत होतो, राखीपौर्णिमेआधी राख्या आणि उरलेल्या वर्षात पाकिटे, मेणबत्त्या, फिनाइल. हे सारे प्रदर्शनात मांडले जाई, ओळखीचे लोक कौतुकाने विकत घेत, आणि शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला जी रक्कम येई तिला आम्ही ‘मानधन’ म्हणत असू, कारण ‘पगार’ म्हणण्याची आमची छाती होत नव्हती. एखादा विद्यार्थी चाळिशीला आला तरी त्याच्या नोंदवहीत ‘व्यवसायपूर्व प्रशिक्षण चालू’ असाच शेरा असे. इतरांची मुले बाविसाव्या वर्षी शिकाऊ म्हणून कुठेतरी चिकटतात आणि चुकतमाकत शिकतात. आमच्या मुलांनी मात्र आधी पूर्ण शिकावे, एकही चूक करू नये आणि मगच बाहेर पडावे, अशी आमची अट होती. ती अट पुरी होणे शक्य नव्हते.

कामाने माणूस उभा राहतो, हे विदर्भाला नव्याने सांगायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले, आणि नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९मध्ये आनंदवन उभारायला घेतले. समाजाने निकामी ठरवलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग चालवले. दान नको, काम द्या, हा तिथला विचार आपण सर्वांनी शाळेत असल्यापासून ऐकला आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. ते गाव वेगळे वसवावे लागले, कारण बाहेरचा माणूस कुष्ठरुग्णाच्या हातचे पाणी प्यायला तयार नव्हता. ज्याला डाउन सिंड्रोम आहे किंवा जो स्वमग्न आहे, अशा तरुणाच्या बाबतीत संसर्गाच्या भीतीचे ते निमित्तसुद्धा आपल्यापाशी नाही. तरीही आपण त्याच्यासाठी शहरात वेगळी खोली, वेगळे टेबल आणि वेगळे प्रदर्शन मांडतो, आणि त्याला पुनर्वसन म्हणतो.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांतले तीन टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग या तीन गटांपुरतेच होते; बौद्धिक दिव्यांग त्यात कुठेच नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने ते चार टक्के केले, दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगत्व यांच्यासाठी ठेवला. खासगी मालकांच्या मनुष्यबळात किमान पाच टक्के दिव्यांग असावेत यासाठी शासनाने प्रोत्साहन द्यावे, असेही त्यात आहे. तथापि चौथ्या टक्क्याच्या दारातही बहुधा लेखी परीक्षाच उभी असते, आणि जो लेखी परीक्षा देऊ शकत नाही त्याला त्या टक्क्याचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. केंद्राने २००८मध्ये आणखी एक योजना आणली होती. मासिक वेतन पंचवीस हजारांपर्यंत असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतला आणि कर्मचारी राज्य विम्यातला मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरणार होते. मी ज्या ज्या मालकांशी बोलले त्यांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. उलट बाजूचेही सांगते: १९४८च्या किमान वेतन कायद्याच्या सव्विसाव्या कलमात अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला दिलेली होती. म्हणजे ‘यांना कमी दिले तरी चालेल’ ही समजूत नुसती लोकांच्या मनात नव्हती, ती छापील होती.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यांपैकी काम करणारे ३६ टक्के निघाले, पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत २३. शेतमजुरीपासून सगळे काम यात धरले आहे. स्त्रियांच्या आकड्याकडे मी पुन्हा येईन.

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे एक संशोधक होते. सत्तरच्या दशकात, ज्यांना काहीही शिकवता येणार नाही असे समजले जाई, अशा तीव्र बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना त्यांनी सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडायला शिकवले. त्यांची रीत साधी होती. काम इतक्या बारीक पायऱ्यांत तोडायचे की प्रत्येक पायरी हाताला जमली पाहिजे, बोलणे कमी ठेवायचे, आणि शिकणारा अडला तर दोष त्याचा न मानता शिकवण्याची तऱ्हा बदलायची. पुढे व्हर्जिनियातल्या पॉल वेमन आदींनी याला दुसरी जोड दिली: शिकवण्याची जागा कर्मशाळा नव्हे, प्रत्यक्ष नोकरीची जागा असावी. आधी जागेवर ठेवा, मग तिथेच शिकवा, आणि शिकवणारा माणूस काही काळ त्याच्या शेजारी उभा राहू द्या. या शेजारी उभ्या राहणाऱ्याला जॉब कोच म्हणतात. व्हरमाँट राज्याने २००२पर्यंत आपल्याकडच्या अशा वेगळ्या कर्मशाळा बंदच करून टाकल्या. आपल्याकडे त्या उद्या बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. पर्याय उभा न करता दार बंद केले तर माणसे घरातल्या खाटेवर जाऊन बसतील.

आता गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानाविषयी थोडे विस्ताराने सांगते. मालकांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि अगदी रास्त प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, गिऱ्हाईक पोराले काही बोललं तं मी काय करू? आणि हा करन काय इथं?’’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी तीन दिवस वही घेऊन दुकानात बसायची परवानगी मागितली. कोण कोणते काम किती वेळ करतो, एवढेच लिहिले. एका लग्नाच्या खरेदीत चाळीस साड्या उलगडल्या जातात, दोन घेतल्या जातात, आणि उरलेल्या अडतीस गादीवर पडून राहतात. त्यांच्या घड्या घालायला विक्रीत तरबेज असलेले चार सेल्समन प्रत्येकी रोज दीड तास घालवीत होते, आणि तेवढ्यात दारातले गिऱ्हाईक परत जात होते. चौघांचे दीड-दीड तास एकत्र केले की सहा तासांचे एक स्वतंत्र काम तयार होते. जाहिरात दिली असती तर ही नोकरी कधीच निघाली नसती. ती दुकानातच होती, पण चार माणसांत विखुरलेली होती.

त्या जागेवर जो तरुण लागला त्याला डाउन सिंड्रोम आहे. घडी शिकवायला आम्हाला नऊ दिवस लागले. पुठ्ठ्याचा एक साचा केला, काठ कुठे यायला हवा तिथे लाल पट्टी चिकटवली, आणि घडीच्या अकरा पायऱ्या ठरवल्या. सहाव्या पायरीला तो दरवेळी अडत असे, कारण तिथे साडी उलटावी लागे आणि उलटल्यावर पट्टी दिसेनाशी होई. साच्याच्या मागच्या बाजूलाही पट्टी लावली तेव्हा तो अडायचा थांबला. डागाळलेल्या साड्याही तो नीट घडी घालून रॅकवर ठेवत असे, म्हणून एक लाल टोपली आणली. एक अडचण मात्र कोणत्याही साच्याने सुटणारी नव्हती. एका बाईंना साडी पसंत पडत असतानाच त्याने आपण होऊन सांगितले की ही काल एका काकूंनी परत आणून दिली. मालक हताश झाले. मला मनातून हसू आले, आणि अजूनही वाटते की त्यात शिकवणी नेमकी कोणाला द्यायला हवी होती, हे ठरवणे सोपे नाही. कायद्यात ज्याला वाजवी सोयी म्हटले आहे त्यांचा या दुकानातला खर्च एक पुठ्ठा, दोन पट्ट्या आणि एक टोपली इतका झाला.

कामापेक्षा कामापर्यंत पोचणे अवघड गेले, हेही नोंदवायला हवे. नागपूरची मेट्रो या बाबतीत उपकारक आहे. स्थानकांत लिफ्ट आहेत, अंधांसाठी पायाखाली उंचवट्याच्या पट्ट्या आहेत, डब्यात घोषणा होते. खापरीकडून येणारी नारिंगी मार्गिका आणि लोकमान्यनगरकडून येणारी निळसर मार्गिका सीताबर्डीला भेटतात, आणि तिथे गाडी बदलायला आमच्या एका विद्यार्थ्याला शिकवताना बावीस दिवस गेले. पहिले पाच दिवस मी त्याच्या बरोबर चालले, मग दहा पावले मागे, मग पुढच्या डब्यात, आणि शेवटी त्याच्या वडिलांच्या नकळत, त्याच्या मात्र संमतीने, मी फलाटावरच थांबले. तो हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जात होता. लोकमान्यनगरपर्यंत सगळे सुरळीत होते; पुढचा दीड किलोमीटर म्हणजे खोदलेला रस्ता, बेवारस कुत्री आणि मनात येईल ते भाडे सांगणारी ई-रिक्षा. पारडीला दिव्यांगांनाही वापरता येईल असे सर्वसमावेशक उद्यान व्हावे, हे चांगलेच आहे. परंतु उद्यानात माणूस रविवारी जातो, आणि हा दीड किलोमीटर त्याला आठवड्यातले सहा दिवस चालायचा असतो.

हिंगण्याची ती नोकरी टिकली नाही. अकरा महिन्यांनी तिथला पर्यवेक्षक बदलला, नव्या पर्यवेक्षकाने त्याला रात्रपाळी लावली, आणि एके दिवशी तो घरातून निघालाच नाही. मी बरेच दिवस दोष कारखान्याला दिला. खरे म्हणजे तीन महिन्यांत सारे स्थिर झाले असे मानून आम्ही आमचा माणूस काढून घेतला होता, आणि पर्यवेक्षक बदलल्याचे आम्हाला कळलेसुद्धा नाही. आधार हळूहळू कमी करायचा असतो. तो शून्यावर न्यायचा नसतो. महिन्यातून एक फोन आणि तीन महिन्यांतून एक फेरी एवढे जरी ठेवले असते, तर कदाचित रात्रपाळीचा प्रश्न मालकाशी दहा मिनिटे बोलून सुटला असता.

एका विद्यार्थ्याचा पगार खात्यात जमा व्हावा म्हणून एका बँकेत गेलो तर तिथे पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले. मुलगा सत्तावीस वर्षांचा, सही करतो, मिळवतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमू शकते हे खरे. पण पालक नेमणे ही गरजेची तरतूद आहे, सरसकट अट नव्हे. २०१६च्या कायद्यानेही पालकत्व मर्यादित आणि त्या व्यक्तीच्या इच्छेचा विचार करणारे असावे असेच म्हटले आहे. ते खाते दोन महिन्यांनी उघडले.

आता मुलींविषयी. २३ टक्क्यांचा तो आकडा माझ्या अनुभवात फार उदार आहे. बौद्धिक दिव्यांग मुलीची आई मला सांगते की नोकरी नको, ती माझ्या डोळ्यासमोर असू द्या, आणि तिची भीती मी खोटी ठरवू शकत नाही. मी एवढेच विचारते की ती घरी दिवसभर काय करते. उत्तर ठरलेले असते: भांडी घासते, भाजी निवडते, भावाच्या मुलांना सांभाळते. म्हणजे काम ती करतेच आहे, फक्त बिनपगारी. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६मध्ये आपत्कालीन विभागाच्या प्रमुख परिचारिकेने साहित्य भरून ठेवण्याचे काम बौद्धिक दिव्यांग तरुणांना शिकवायला घेतले, आणि पुढे तो उपक्रम अनेक देशांत गेला. आपल्या धंतोली आणि रामदासपेठेत एकाला लागून एक दवाखाने आहेत. हातमोजे, कापूस, सलाइनच्या बाटल्या रोज तिथल्या ट्रॉल्यांत भराव्या लागतात, आणि ते काम दिवसाउजेडी, इतर स्त्रियांच्या सोबतीने होते. एका दवाखान्यात आमची एक मुलगी सध्या हे काम करते. तिची आई पहिले दोन महिने खाली बाकावर बसून असे. हल्ली येत नाही.

हिवाळी अधिवेशनात दिव्यांगांचे मोर्चे नागपुरात येतात तेव्हा मीही चालते. दिव्यांगांना दरमहा मिळणारे सरकारी अनुदान वाढवून मिळावे ही मागणी मला मान्य आहे. मात्र नोकरी लागली की अनुदान तुटेल या भीतीने कित्येक पालक मुलाला कामावर पाठवत नाहीत, हेही मी पाहते, आणि त्यांना चूक म्हणण्याचे धाडस मला होत नाही. नोकरी महिनाभरात सुटू शकते, आणि बंद पडलेले अनुदान पुन्हा सुरू करायला किती खेटे घालावे लागतात ते त्यांना ठाऊक असते.

साडीच्या दुकानातल्या त्या तरुणाला आता चौथे वर्ष लागले आहे. गेल्या पोळ्याच्या आसपास मालकांचा मला फोन आला. बोलण्यात तक्रारीचा सूर होता. ‘‘मॅडम, तुमचा पोरगा पगारवाढ मागते. म्हणते, त्या नव्या पोराले वाढ देल्ली, मले काहून नाही?’’ मी विचारले, नव्याला खरेच दिली का? ते म्हणाले, दिली. मी म्हटले, मग हे तुम्ही मला कशाला सांगता, त्याच्याशीच बोला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागून गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मग त्यांनी फोन न ठेवताच त्याला हाक मारलेली मला ऐकू आली.