पावतीवरचा नंबर

नमस्कार श्रोतेहो. घरात देणगीच्या पावत्या असतातच, देवघराच्या खणात नाहीतर औषधांच्या डब्यात. एखादी काढा. तिच्यावर त्या संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो. एफ किंवा ई अशा अक्षराने सुरू होणारा, शेवटी मुंबई लिहिलेला. तो जपून ठेवा, देणगीचा हिशेब मागताना तोच लागतो.

हिशेब मागायला आपण कचरतो. देवाचं काम, त्यात पैशाची चौकशी कशाला? हा वाद मुंबईतूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. 1950 साली मुंबई सार्वजनिक न्यास कायदा आला. न्यास म्हणजे ट्रस्ट. नोंदणी सक्तीची, ऑडिट सक्तीचं. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक, रतिलाल पानाचंद गांधी, कोर्टात गेले. पारशी पंचायतीचे विश्वस्तही गेले. धर्म दोन, गाऱ्हाणं एकच: सरकार आमच्या धर्मात हात घालतंय. 1954 साली निकाल लागला. कोर्टाने त्यांचं काही ऐकलंही. धर्मादाय आयुक्त, म्हणजे न्यासांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, त्यालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद गेली. तपासणीसाठी देवस्थानात शिरताना आधी कळवायचं, तिथल्या रीतिरिवाजांचा मान ठेवायचा, असं ठरलं. पण हिशेब? हिशेब टिकला! पूजा कशी करायची ते ज्याचं त्याने ठरवावं, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याने बांधता येतो. परत एकदा ऐका: पूजा त्यांची, पण हिशेब कायद्याचा. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण श्रद्धा आणि हिशेब यांत वैर नाही हे त्यातून स्पष्ट झालं.

देणगीदारांची नावं आपण संगमरवरात कोरतो. त्याच भिंतीवर दरवर्षीचा ताळेबंद लावायला हवा. कित्येक गणेश मंडळं मांडवात जमाखर्च लावतात, तसाच.

तर आता करायचं काय? वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. फी 10 रुपये, नक्कल पानाला 2 रुपये. विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘स्थापनेपासूनचे सगळे हिशेब द्या’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. नोंदणी क्रमांक लिहा, वर्ष लिहा, आणि ऑडिट रिपोर्टसोबत परिशिष्ट आठ व नऊ मागा. आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च.

कागद हातात आले की नऊमध्ये तळाकडे जा. ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ ही ओळ शोधा आणि आस्थापनेच्या, म्हणजे संस्था चालवण्याच्या, खर्चाशेजारी ठेवून बघा. आठमध्ये विश्वस्तांना दिलेली उचल बघा, त्यांच्याकडून घेतलेलं कर्जही बघा. ऑडिटरला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात: रोकड जुळली का, सभांचं इतिवृत्त लिहिलं जातं का, 5,000 रुपयांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, मागच्या वर्षीच्या चुका सुधारल्या का. हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. लागोपाठ तीन वर्षांचे रिपोर्ट मागितलेत, तर तीच चूक तीनदा नोंदलेली दिसू शकते.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं तर तिथेच पहिलं अपील करा. आणि ‘हिशेब दाखल नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर ते पत्र जपा. आयुक्तांकडे तक्रार करताना पहिला जोडायचा कागद तोच.