वीस पावलं जा, वीस पावलं या

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरकराला बुद्धविहार काही नवा नाही. पाहुणे आले की आपण त्यांना दीक्षाभूमीला नेतो, कामठीचं ड्रॅगन पॅलेस दाखवतो. वंदना होते, फोटो होतात, गाडी परत फिरते. पण अर्धा तास नुसतं शांतपणे चालायचं म्हणून विहारात जाणारे थोडेच. मला वाटतं, तिथे जायचं ते त्यासाठीच.

या चालण्याला चंक्रमण म्हणतात. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेला, ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध जिथे चालले असं मानतात, तिथे दगडी कमळांचा लांबट चौथरा आहे. थायलंडच्या अरण्यविहारांत भिक्खूच्या कुटीजवळ झाडांखाली अशी सरळ वाट राखलेली असते. थाई भिक्खू अजान चा यांनी 1954 मध्ये उबोन प्रांतातल्या जंगलात जो विहार सुरू केला, तिथेही बसण्याइतकंच चालण्याला महत्त्व.

वाट लांब लागत नाही. वीस-तीस पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. डोळे उघडे, नजर चार हात पुढे जमिनीवर. पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं, एवढंच जाणायचं. दोन फेऱ्यांत मन घराच्या हप्त्यावर किंवा पोरांच्या परीक्षेवर जातंच. जाऊ द्या. वळणाशी क्षणभर उभं राहा, लक्ष पुन्हा तळपायाशी आणा. कंटाळा येईल, तो आला की बहुतेक लोक मोबाइल काढतात, म्हणून तो गाडीतच ठेवलेला बरा.

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितलेत. लांबचा प्रवास झेपतो, साधनेचे कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच वेळ टिकते. तर्री-पोहेवाल्यांनी चौथा फायदा लिहूनच ठेवावा!

कामठी रोडवरच्या नागलोक या बौद्ध प्रशिक्षण केंद्राच्या आवारात बुद्धाची उंच मूर्ती आहे, तीही चालत्या बुद्धाची. दहा दिवस मौनात बसायचं असेल, तर माहुरझरीला विपश्यना केंद्र आहे. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. दीक्षाभूमीवर मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास शांतता शोधू नका. तेव्हा तिथली गर्दी हाच सोहळा असतो.

आणि उन्हाळ्यात पहाटेच जा. आठनंतर आपल्याकडच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवलं, तर लक्ष फक्त चटक्यावरच राहील.