इराणच्या घरातला हुक्का

नमस्कार श्रोते हो.

इराणचा इतिहास म्हटलं की आपल्याला आठवतात सम्राट, स्वाऱ्या आणि दिल्लीहून मयूर सिंहासन घेऊन गेलेला नादिरशहा. आज त्यातलं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते इराणी घराबद्दल. त्या घरात रोटी कुठून यायची, पाण्याची पाळी कोण ठरवायचं आणि जेवण झाल्यावर हुक्का कोण भरून द्यायचं, याबद्दल. काळ साधारण 1850 पासून 1906 पर्यंतचा. तेहरानच्या गादीवर काजार घराण्यातला नासिरुद्दीन शहा. त्याने 1848 ते 1896 अशी तब्बल 48 वर्षं राज्य केलं. या काळात शहाला खरा धाक परकीय फौजांपेक्षा आपल्याच लोकांच्या स्वयंपाकघराचा आणि बाजाराचा वाटला, असं मी म्हणते. ते का, हे ऐकता ऐकता कळेल.

आधी रोटी. शहरातला इराणी माणूस रोटी घरी करत नाही, भट्टीवरून आणतो. तेव्हाही तसंच होतं. संगक नावाची लांबरुंद रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात. ती घरी आणायची, पाठीला चिकटलेले खडे झटकायचे आणि गरम गरम खायची. उधारीवर नेणाऱ्याचा हिशेब भट्टीवाला लाकडाच्या काठीवर खाचा पाडून ठेवायचा. जितक्या रोट्या, तितक्या खाचा. गव्हाचा भाव चढला की त्या भट्टीसमोरच राज्याची परीक्षा व्हायची. 1861 च्या दुष्काळात शहा शिकारीहून परतत होता, तेव्हा तेहरानच्या हजारो बायकांनी त्याला रस्त्यात गाठलं आणि भाकरी मागितली. शहराचा कारभार पाहणाऱ्या कलांतराला शहाने देहान्त शासन दिलं, तेव्हा कुठे लोक थोडे शांत झाले. माझं ठाम मत आहे, शाळेच्या पुस्तकात प्रत्येक लढाईच्या शेजारी त्या वर्षीचा धान्याचा भाव छापावा. मुलांना निम्मा इतिहास तिथेच उलगडेल.

आता पाणी. इराणच्या पठारावर पाऊस तुटपुंजा. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, अगदी हलक्या उतारावरून, गावापर्यंत वाहत आणायचं. याला म्हणतात कनात. खोरासानमध्ये गोनाबादला जी कनात आहे, तिची मुख्य विहीर 300 मीटरपेक्षाही खोल आहे. आणि हे सगळं कुदळ, फावडं आणि चामड्याच्या बादलीने खणलेलं. उन्हात वाफ होत नाही, पंप लागत नाही, पाणी आपलं आपण चालत येतं.

पण आलेलं पाणी वाटायचं कसं? तर वेळेवर. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. तुझ्या शेताला इतक्या वाट्या, माझ्या शेताला तितक्या. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत असत, हुबेहूब तेच. फरक इतकाच की आपल्याकडे ते अक्षतांची वेळ सांगायचं आणि तिथे रात्रंदिवस शेतीचा हिशेब ठेवायचं. वाटी मोजणारा माणूस गावात विश्वासाचा असावा लागे, कारण एका वाटीची चोरी म्हणजे कुणाच्या तरी कलिंगडाचा वाफा सुकणार.

याच पाण्यावर पिकाची वाटणी ठरायची. जुना हिशेब पाच वाट्यांचा. जमिनीचा एक वाटा, पाण्याचा एक, बियाण्याचा एक, बैलांचा एक आणि कष्टाचा एक. पुन्हा सांगते, जमीन, पाणी, बी, बैल आणि कष्ट. ज्याच्याकडे फक्त दोन हात होते, त्याच्या पदरात पाचातला एक वाटा. गावोगावी यात फेरफार असत, पण इराणी खेड्यातली गरिबी कुठून येते हे या पाच वाट्यांमध्ये स्पष्ट दिसतं.

तांब्याच्या वाटीवरून आठवलं. इस्फहानच्या बाजारात आजही तांबटांच्या हातोड्यांचा आवाज घुमतो. आपल्याकडे कल्हईवाला दारावरून जाईनासा झाला, आणि त्याच्याबरोबर तांब्यापितळेच्या भांड्यांतला स्वयंपाकही गेला. मला हे मनापासून वाईट वाटतं. घरात असतील ती भांडी मोडीत काढू नका, एवढीच विनंती.

असो. आता हुक्का. ही हकिगत मला फार प्रिय आहे, तेव्हा जरा निवांत सांगते.

एकोणिसाव्या शतकातल्या इराणी घरात हुक्का म्हणजे रोजचा व्यवहार होता. तिथे त्याला कलयान म्हणतात. शिराजच्या बाजूची तंबाखूची पानं पाण्यात भिजवायची, पिळायची, चिलमीत भरायची, वर निखारा ठेवायचा. पाहुणा आला की आधी हुक्का. बाजारात सौदा ठरला की हुक्का. पुरुष ओढत आणि बायकाही ओढत. जनानखान्यात, हमामात, बायकांच्या बैठकीत नळी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायची. पानं पिकवणारा शेतकरी, ती लादून आणणारा उंटवाला, घाऊक व्यापारी, गल्लीतला छोटा दुकानदार, हुक्क्याची काच घडवणारा, चिलीम करणारा कुंभार, सगळ्यांची चूल या एका पानावर पेटायची.

आणि मार्च 1890 मध्ये शहाने हे सगळं एका इंग्रज माणसाला देऊन टाकलं. त्याचं नाव मेजर टॅलबट. इराणात पिकणाऱ्या तंबाखूची खरेदी, देशातली विक्री आणि परदेशातली निर्यात, असा संपूर्ण मक्ता, 50 वर्षांसाठी. बदल्यात शहाला वर्षाला 15,000 पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा. आकडा लक्षात ठेवा, 15,000 पौंड. पुढे लागणार आहे.

सुरुवातीला लोकांना काही कळू दिलं नाही. इस्तंबूलहून 'अख्तर' नावाचं फारसी वर्तमानपत्र निघायचं. त्याने लिहिलं की तुर्कस्तानच्या सुलतानाने याहून लहान मक्ता याहून कितीतरी जास्त पैसे घेऊन दिला आहे. मग 1891 च्या वसंतात या मक्त्यासाठी उभ्या राहिलेल्या इंग्रज कंपनीची माणसं गावोगावी उतरली. शेतकऱ्याने पीक फक्त कंपनीला विकायचं, भाव ठरवण्यात कंपनीचा हात आणि दुकानदाराने कंपनीच्या परवान्यावर धंदा करायचा. बापजाद्यांपासून तंबाखूची उलाढाल करणारा व्यापारी एका रात्रीत कंपनीचा नोकर झाला.

पहिली ठिणगी पडली शिराजला, कारण तंबाखूचं पीकच तिकडचं. मग तबरीज, मशहद, इस्फहान. इस्फहानच्या एका व्यापाऱ्याबद्दल सांगतात, कंपनीने त्याचा सगळा साठा मागितला, तेव्हा त्याने एक दिवसाची मुदत घेतली. दुसऱ्या दिवशी माणसं आली तर पुढ्यात राखेचा ढीग. सगळा माल त्याने स्वतः जाळला होता.

आणि मग डिसेंबर 1891 उजाडला. आजच्या इराकमध्ये सामर्रा गाव आहे. तिथे राहत होते मिर्झा हसन शिराजी, त्या काळच्या शिया धर्मगुरूंमध्ये सर्वांत थोर. त्यांच्या नावाने दोन ओळींचा फतवा तेहरानमध्ये पोचला. मथितार्थ असा, की आजपासून कोणत्याही रूपात तंबाखू वापरणं म्हणजे प्रत्यक्ष इमामाविरुद्ध, शिया ज्यांची वाट पाहतात त्या बाराव्या इमामाविरुद्ध, युद्ध पुकारणं. फतवा खरा की कुणी बनवलेला, अशी कुजबुज झाली. सामर्र्याहून निर्वाळा आला, फतवा आमचाच. या सगळ्या गोष्टी शहरोशहरी पोचल्या त्या तारेने. आणि तारेचं ते जाळं इराणात उभं राहिलं होतं, ते बऱ्याच अंशी इंग्रजांना लंडनहून हिंदुस्थानाशी बोलता यावं म्हणून. त्याच तारांवरून इंग्रजांच्या मक्त्याविरुद्धची बातमी धावली.

आणि काय झालं ऐका. तंबाखूची दुकानं बंद. हुक्के बाजूला. शहाचा फ्रेंच डॉक्टर फेव्रिये तेव्हा दरबारात होता. त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलंय की शहरात कुणी हुक्का ओढेना, शहाच्या माणसांत कुणी ओढेना, इतकंच काय, खुद्द शहाच्या जनानखान्यातही कुणी ओढेना. लहानपणापासूनची सवय, दिवसातून दहादा लागणारी तलफ, आणि एका कागदावर ती सुटली. ज्यांच्या घरात कुणी तंबाखू सोडायचा प्रयत्न केलाय, त्यांना याची किंमत कळेल.

आता जनानखान्यातली गोष्ट. शहाची आवडती राणी होती अनीसुद्दौला. तेहरानजवळच्या डोंगरातल्या अमामे गावच्या साध्या घरातली मुलगी, आणि महालात आता तिचा शब्द चालत होता. सांगतात ते असं. शहा तिच्या महालात गेला, तर दासी हुक्के मोडून ठेवत होत्या. चिलमी वेगळ्या, नळ्या वेगळ्या. शहाने विचारलं, हे काय चाललंय? राणी म्हणाली, हुक्का हराम झाला. शहा चिडला. कुणी केला हराम? तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ज्यांनी मला तुमच्यासाठी हलाल केलं, त्यांनीच.

क्षणभर विचार करा, श्रोते हो. ज्या धर्माच्या आधारावर तू माझा नवरा आहेस, त्याच धर्माच्या आधारावर हा हुक्का बंद आहे. एक मोडायचं म्हटलं तर दुसरंही मोडतं. यावर राजा काय बोलणार? या गोष्टीचे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी थोडे वेगळे ऐकू येतात, पण इराणी माणसं ती आजही अभिमानाने सांगतात. आणि का सांगू नये? दरबारातल्या कुठल्याही वजिराला जे बोलता आलं नाही, ते त्या बाईने बोलून दाखवलं.

शहाने मग शेवटचा डाव टाकला. तेहरानचे मोठे धर्मगुरू मिर्झा हसन आश्तियानी यांना निरोप पाठवला, की एक तर लोकांसमोर हुक्का ओढा, नाही तर शहर सोडा. त्यांनी शहर सोडायची तयारी केली. 4 जानेवारी 1892 रोजी माणसं राजवाड्यावर चालून गेली. त्यात बायका पुढे होत्या, चादरी ओढून, घोषणा देत. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पण शहाला कळून चुकलं. मक्ता पुरता रद्द झाला, आणि जानेवारीच्या अखेरीस तेहरानच्या रस्त्यांवर दवंडी पिटली, आता हुक्का ओढायला हरकत नाही.

आता तो आकडा आठवा. 15,000 पौंड वर्षाला मिळणार होते. मक्ता मोडल्याची भरपाई म्हणून कंपनीला द्यावे लागले 5,00,000 पौंड. ते कर्जाने काढले, इंग्रजांच्याच इंपीरियल बँकेकडून, दरसाल सहा टक्क्यांनी, दक्षिणेकडच्या बंदरांची जकात तारण ठेवून. हिशेब सोपा आहे. व्याजच झालं वर्षाला 30,000 पौंड. मिळणार होतं त्याच्या दुप्पट, आणि तेही द्यायचं. इराणच्या डोक्यावरचं हे पहिलं मोठं परदेशी कर्ज. लोक जिंकले, आणि बिल त्यांच्याच बंदरातून जाणाऱ्या मालावर बसलं. कर्ज काढून चैन करणाऱ्या राजांचा मला फार राग येतो. आजही येतो, कुठल्याही देशात असोत.

वेळ थोडा उरलाय, म्हणून चहा आणि साखर भरभर सांगते. हुक्क्याच्या जोडीला याच काळात चहा घराघरात शिरला. समोवार, म्हणजे चहासाठी पाणी उकळायचं तोटीचं मोठं भांडं, रशियाकडून आला, आणि हिंदुस्थानातला चहा मुंबईहून बोटीने इराणी आखाताकडे जायचा. पुढे काशिफुस्सल्तने नावाचे काजार घराण्यातलेच एक राजपुत्र हिंदुस्थानात इराणचे वकील होते. त्यांनी इथे चहाची लागवड शिकून घेतली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर रोपं नेऊन कॅस्पियन समुद्राकाठी लाहिजानला लावली. इराणी माणूस चहात दूध घालत नाही. साखरेचा खडा दातांत धरून वरून कोरा चहा पितो. यज्द आणि केरमानच्या बाजूचे जरथुष्ट्री मुंबई-पुण्यात आले आणि त्यांनी इराणी हॉटेलं काढली, तिथला घट्ट दुधाचा चहा ही खास आपल्याकडची गोष्ट. ब्रून-मस्का बुडवायला तोच हवा.

पण तो दातांतला साखरेचा खडा साधा नव्हता. डिसेंबर 1905 मध्ये रशिया-जपान युद्धाचा परिणाम म्हणून साखर महागली. तेहरानच्या सुभेदाराने काय करावं? साखरेच्या व्यापाऱ्यांना धरून आणलं आणि तळपायांवर फटके मारले. त्यात एक वृद्ध, गावात मान असलेले व्यापारी होते. बाजाराने दुकानं बंद केली. तंबाखूच्या वेळचा धडा सगळ्यांना पाठ होता, व्यापारी आणि धर्मगुरू पुन्हा एक झाले. मागणी वाढत वाढत थेट संविधानापर्यंत गेली.

1906 च्या उन्हाळ्यात सुमारे 12 ते 14 हजार माणसं इंग्रज वकिलातीच्या बागेत जाऊन बसली. धंद्याधंद्याचे तंबू वेगळे. मोच्यांचा तंबू, वाण्यांचा तंबू, अगदी जुनी भांडी जोडून देणाऱ्यांचासुद्धा. मधोमध मोठमोठ्या कढया आणि रोज हजारोंचं जेवण, खर्च व्यापाऱ्यांचा. काही आठवडे तेहरानचा बाजार तिथेच बसून होता. 5 ऑगस्टला शहाने, आता नासिरुद्दीनचा मुलगा मुजफ्फरुद्दीन गादीवर होता, संसदेच्या फर्मानावर सही केली. सप्टेंबरात निवडणुकीचा कायदा झाला. तेहरानच्या वाट्याला 60 जागा आल्या. राजघराण्याला 4, धर्मगुरूंना 4, जमीनदारांना 10, मोठ्या व्यापाऱ्यांना 10. आणि उरलेल्या 32 जागा, म्हणजे निम्म्याहून जास्त, बाजारातल्या कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या संघांना.

नमस्कार.